मजकूर आणि त्याचे रूप
(शाळेच्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून यापूर्वी इतिहासाचे आणि साहित्याचे जाणकार बोलून गेले आहेत. मी त्यांच्या पंक्तीत बसणारा नव्हे. संगणकासाठी आज्ञावली लिहिणे हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय. त्यामुळे ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या आमच्या सरांविषयी चार शब्द बोलून उरलेला वेळ श्रोत्यांना परत करावा, असाच माझा प्रथम विचार होता. परंतु गेली काही वर्षे मी जे एक लहानसे काम करीत आलो, त्याचे मूळ सरांनीच मला नववीत असताना सांगितलेल्या एका गोष्टीत आहे, हे ध्यानात आले आणि विषय आपोआप ठरला. साध्या अक्षरांत लिहिलेल्या फाइलींवर मोजक्या खुणा करायच्या आणि त्या खुणांच्या आधारे त्यांतून व्यवस्थित लावलेला माहितीसाठा तयार करायचा, असे ते काम आहे. ऐकताना विषय कोरडा वाटेल. पण आपल्या शाळेचे पंधरा वर्षांचे लिखाण त्यावर अवलंबून होते, एवढे आरंभीच सांगून ठेवतो.

गोष्ट १९८३ सालची. शाळेचे वार्षिक त्या काळी खिळ्यांवर छापले जाई. मुलांचे निबंध, कविता, सहलीची वर्णने असे सारे लेखन सर एका कापडी पिशवीत घालून माझ्याकडे देत आणि मी ते सायकलवरून छापखान्यात पोहोचवीत असे. तेथे जुळारी उभ्याने काम करीत. समोर कप्प्याकप्प्यांची केस, डाव्या हातात स्टिक, आणि उजवा हात न पाहता नेमक्या कप्प्यात जाणारा. तयार झालेल्या ओळी गॅलीवर चढत, त्यांचा मुद्रितशोधनासाठी कच्चा छाप निघे, आणि तो घेऊन मी पुन्हा शाळेत येई.

लेखन छापखान्यात जाण्यापूर्वी सर तांबड्या पेन्सिलीने समासात खुणा करीत. एका ठिकाणी 'मथळा', दुसऱ्या ठिकाणी 'लेखकाचे नाव', कोठे 'उतारा', तर कोठे 'कविता, ओळी मोडू नयेत'. एकदा मी आपली हुशारी दाखवावी म्हणून एका निबंधावर स्वतःच लिहिले, 'येथे मोठी ठळक अक्षरे'. सरांनी ते पाहिले आणि आपल्या खास बेळगावी बोलीत म्हणाले, "काय करालास रे? अक्षर केवढं घालायचं ते जुळारी बघून घेईल. त्याच्याजवळ कुठला टाइप शिल्लक आहे, ते तुला काय ठाऊक? ते काय आहे तेवढं लिही."

मी 'मथळा' असे लिहिले. पुढे काही वर्षांनी शाळेच्या विशेषांकात त्याच निबंधाचे पुनर्मुद्रण झाले. छापखान्यात तोवर नवा टाइप आला होता, पानाचा आकारही बदलला होता. हस्तलिखित मात्र तेच वापरले, कारण त्यावर 'मोठी ठळक अक्षरे' नव्हते, 'मथळा' होते. मजकूर म्हणजे काय आहे हे सांगणे एक, आणि तो कसा दिसावा हे ठरवणे दुसरे. ही दोन कामे वेगळी ठेवली, तर एकाच हस्तलिखितातून कितीही रूपे काढता येतात. सरांनी हे तत्त्व म्हणून शिकवले नाही. छापखान्याची रीत म्हणून सांगितले.

हेच तत्त्व त्या सुमारास जगात इतरत्र शास्त्राचे रूप घेत होते, हे मला पुढे पुण्यात नोकरीला लागल्यावर कळले. १९६७ साली विल्यम टनिक्लिफ नावाच्या अमेरिकी गृहस्थांनी कॅनडा सरकारच्या मुद्रण कार्यालयात भरलेल्या एका बैठकीत मजकुराचा आशय आणि त्याचे बाह्य रूप यांची फारकत करावी, असे मांडले. १९६९ मध्ये आयबीएम कंपनीतील चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी यांनी त्यासाठी खुणांची एक पद्धत सिद्ध केली. तिचेच विकसित रूप १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारले गेले. त्या घराण्यातूनच पुढे टिम बर्नर्स-ली यांची वेबपानांची खूणभाषा निघाली, आणि १९९८ मध्ये एक्सएमएल नावाची माहितीच्या देवाणघेवाणीची भाषाही मान्य झाली. परंतु या भाषा यंत्राला सोयीच्या होत्या, माणसाला नव्हत्या. दोन ओळींच्या मजकुराभोवती कोनी कंसांची एवढी गर्दी होई की, मूळ वाक्य शोधावे लागे.

त्यावर उपाय निघाला तो साध्या पत्रव्यवहारातून. संगणकावरून पत्रे लिहिणारे लोक एखाद्या शब्दावर भर द्यायचा असला की त्याच्या दोन्ही बाजूंना तारका घालीत, दुसऱ्याचे वाक्य उद्धृत करताना ओळीच्या आरंभी बाणासारखे चिन्ह काढीत. वाचणाऱ्याला ते सहज समजे. २००४ साली जॉन ग्रूबर यांनी ॲरन स्वार्ट्झ यांच्या साहाय्याने याच सवयींना नियमबद्ध करून 'मार्कडाउन' ही पद्धत प्रसिद्ध केली. २००६ मध्ये जॉन मॅकफार्लेन यांनी 'पॅनडॉक' नावाचे साधन तयार केले. एका खूणपद्धतीतला मजकूर ते दुसऱ्या पद्धतीत नेऊन देते. त्यातून पुस्तक निघते, वेबपान निघते, इतर आज्ञावलींना वाचता येईल असा साठाही निघतो. मॅकफार्लेन हे कॅलिफोर्नियातील बर्कली येथे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत. मजकूर सांभाळण्याची चिंता केवळ तंत्रज्ञांची नसते, हे त्यावरून दिसते.

हे सारे इंग्रजीपुरते ठीक होते. मराठीची वाट निराळी होती. ती थोडी समजावून सांगणे भाग आहे, कारण आपल्या शाळेवर आलेला प्रसंग त्या वाटेवरच घडला.

संगणकाला अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक ठरवून द्यावा लागतो आणि तो सर्वांनी मानावा लागतो. भारतीय लिप्यांसाठी असा क्रम 'इस्की' या नावाने भारतीय मानक म्हणून १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी जगातील लिप्यांना एका सूत्रात बांधणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तीत देवनागरी होती. त्याच सुमारास परदेशात राहणाऱ्या अविनाश चोपडे यांनी 'आयट्रान्स' हे साधन केले. रोमन अक्षरांत ठरावीक रीतीने मराठी वा संस्कृत लिहिले की त्यातून देवनागरी पान तयार होई. देवनागरी कळफलक नसतानाच्या काळात कितीतरी स्तोत्रे आणि गाणी तशा साध्या फाइलींमध्ये उतरवली गेली. त्या फाइलींमधली अक्षरे आणि त्यांचे नियम उघड असल्यामुळे त्या आजही वाचता येतात.

छपाईच्या व्यवहारात मात्र वेगळेच घडले. १९९० नंतर गावोगावच्या छापखान्यांतून खिळे गेले आणि संगणक आले. त्यांवरचे मराठी फाँट वेगवेगळ्या कंपन्यांचे, आणि प्रत्येकाचा क्रमांकांचा हिशेब स्वतंत्र. रोमन अक्षरांसाठी राखलेल्या जागांवर त्यांनी देवनागरीची चित्रे बसवली होती. पडद्यावर 'क' दिसे, पण फाइलीत नोंद होई ती एखाद्या रोमन अक्षराची. जोवर तो विशिष्ट फाँट संगणकावर आहे, तोवर सारे उत्तम. कागदावर छापून घेण्यापुरते ते काम चोख होते, त्याबद्दल कोणालाही दोष देता येणार नाही. विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोडची सोय घरच्या संगणकांवर येऊ लागली. पण छापखान्यांच्या सवयी त्यानंतरही बरीच वर्षे टिकून राहिल्या.

आपल्या शाळेचे १९९४ ते २००८ या काळातील अंक अशाच फाँटांत जुळवलेले आहेत. अंक छापून झाला की त्या वर्षीच्या मजकुराची फ्लॉपी छापखान्याकडून मागून आणायची आणि कपाटात ठेवायची, अशी शिस्त सरांनी घालून दिली होती. पुढे फ्लॉप्या जाऊन सीडी आल्या. फ्लॉप्यांवरील मजकूरही कोणीतरी आठवणीने सीडीवर उतरवून ठेवला. छापील प्रती ग्रंथालयात होत्या. आपण निर्धास्त होतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये काय झाले, ते सीमाभागातील कोणालाही सांगावयास नको. पुणे-बेंगळूर महामार्ग बंद पडला, नदीकाठची गावे पाण्यात गेली. आपल्या ग्रंथालयाच्या खोलीतही पाणी शिरले. खालच्या फळ्यांवरील वार्षिकांचे गठ्ठे भिजले, पाने एकमेकांना चिकटली आणि त्यांचा लगदा झाला.

त्यानंतर चारसहा महिन्यांनी मला एका माजी विद्यार्थिनीचा दूरध्वनी आला. मूळच्या निपाणी भागातल्या. शिक्षणासाठी बेळगावास मावशीकडे राहून आपल्या शाळेत शिकलेल्या. सध्या दूरच्या शहरात परिचारिका आहेत. त्यांनी विचारले, "१९९८ च्या अंकात माझा आईवरचा निबंध होता. त्याची प्रत मिळेल का?" त्यांच्या आई बिड्या वळीत. निपाणीच्या तंबाखूच्या वखारी आणि बिडी वळणाऱ्या बायाबापड्या आपणांस परक्या नाहीत; निपाणीत पिठाची गिरणी चालवीत महादेव मोरे यांनी त्या कष्टकऱ्यांच्या कथा मराठीत आणल्या. या बाईंच्या आई नुकत्याच वारल्या होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, त्यांचे पत्र असणे शक्य नव्हते. बाई म्हणाल्या, "आई अशिक्षित, पण तिचा हिशेब कधी चुकत नसे. ती बिड्या कशी मोजायची ते मी विसरले आहे, सर. त्या निबंधात ते लिहिले होते."

मी शाळेत आलो. १९९८ च्या अंकाची एकही प्रत शिल्लक नव्हती. सीडी मिळाली, ती चाललीही. फाइल उघडली तर पडद्यावर रोमन अक्षरे, टक्क्यांची चिन्हे, कंस आणि प्रश्नचिन्हे यांचा निरर्थक ढीग. तो छापखाना केव्हाच बंद पडला होता. तो फाँट कोणाजवळ नव्हता.

त्या वेळी मला मोडीची आठवण झाली. मोडी कागदपत्रांचे रुमाल आपल्याकडे अद्याप पुष्कळ आहेत. कागद टिकला, शाई टिकली, वाचणारे उरले नाहीत. परंतु मोडी विस्मरणात जायला दोनतीन पिढ्या लागल्या, आणि शिकून घेतली तर ती आजही वाचता येते. आपल्या शाळेचे लिखाण मात्र वीस वर्षांच्या आत मुके झाले होते.

हा मजकूर पुन्हा वाचता करण्याचे काम मी हाती घेतले. वरकरणी ते सोपे वाटते. कोणत्या रोमन चिन्हामागे कोणते देवनागरी चित्र होते, याचा तक्ता करावा आणि अदलाबदल करावी. एका भिजलेल्या अंकाची काही पाने सुटी करता आली होती. त्याच अंकाची फाइल शेजारी ठेवून मी तसा तक्ता केला. पण तेवढ्याने भागले नाही. जुने फाँट अक्षरे दिसण्याच्या क्रमाने ठेवीत, उच्चाराच्या क्रमाने नव्हे. 'किती' या शब्दात पहिली वेलांटी आधी आणि 'क' मागाहून. युनिकोडात 'क' आधी, वेलांटी नंतर. 'धर्म' मधला रफार 'म' च्या मागे, वस्तुतः 'र' चा उच्चार 'म' च्या पूर्वी. 'ख', 'ग', 'ण' यांसारखी अक्षरे अर्धे रूप आणि काना अशी जोडून केलेली. तेव्हा नुसती अदलाबदल पुरत नाही, प्रत्येक अक्षर उचलून योग्य जागी ठेवावे लागते.

यात माझ्याकडून एक मोठी चूक झाली, तीही सांगतो. मराठीत 'र' चे दोन जोड आहेत. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोलगट जागा. 'आचार्यांना' नमस्कार करायचा असतो आणि 'आचाऱ्यांना' स्वयंपाकाची वर्दी द्यायची असते. माझ्या आज्ञावलीने पहिल्या फेरीत हा भेद पाळलाच नाही. परिणामी सहलीच्या एका वर्णनात आमची मुले आंबोलीच्या समुद्रात डोकावून आली. मी हसलो, आणि मग वरमलो. सरांनी लाल पेन्सिलीने ती ओळ गोल केली असती. तसे शब्द वेगळे काढून मी ते एकेक डोळ्यांखालून घातले.

मजकूर वाचता झाला. आणि खरी अडचण तेव्हा दिसली. संगणकावर अंक जुळवताना सरांच्या खुणा फाइलीत आल्या नव्हत्या, फक्त त्यांचे रूप आले होते. एक ओळ मोठी, एक ओळ ठळक, एक मध्यभागी. मोठी ओळ म्हणजे निबंधाचे नाव, की विभागाचे? ठळक ओळ म्हणजे लेखिका, की उपशीर्षक? कविता कोठे संपली आणि कोठे नवा परिच्छेद सुरू झाला? पान पाहणाऱ्याला ते कळले असते, परंतु पान आता नव्हते. यंत्राला तर ते कधीच सांगितलेले नव्हते. 'ते काय आहे तेवढं लिही' या वाक्याचा अर्थ मला छत्तीस वर्षांनी पुरता उमगला.

म्हणून आम्ही पुन्हा सरांच्या पद्धतीकडे वळलो. दहावी झालेल्या काही मुलामुलींनी आणि दोन निवृत्त शिक्षिकांनी बसून साऱ्या लेखनावर खुणा केल्या. पद्धत अगदी साधी ठेवली. प्रत्येक लेखाची एक फाइल. तिच्या आरंभी सहा ओळी: शीर्षक, लेखक, इयत्ता, गाव, वर्ष, प्रकार. प्रत्येक नावापुढे विसर्गासारखे दोन ठिपके आणि मग माहिती. त्यानंतर एक ओळ मोकळी, आणि मग मजकूर. मोकळी ओळ म्हणजे नवा परिच्छेद. उपशीर्षकाच्या आरंभी #, उताऱ्याच्या आरंभी >, कवितेच्या प्रत्येक ओळीच्या आरंभी एक उभी रेघ, भर द्यायच्या शब्दाभोवती तारका. यापलीकडे नियम नाहीत. अर्ध्या तासात ते मुलांना आले. संगणक न वापरलेल्या शिक्षिकांना तर ते मुद्रितशोधनासारखेच वाटले.

या फाइली वाचणारे साधन मी लिहिले. त्याची कामे तीन: वाचणे, तपासणे आणि मांडणे. प्रथम ते आरंभीच्या सहा ओळी आणि मजकूर वेगळे करते. मग तपासते. वर्ष लिहिलेले नसेल तर लेख स्वीकारत नाही. एकाच लेखकाचे नाव दोन तऱ्हांनी लिहिलेले आढळले, तर स्वतः निर्णय न घेता आपल्याला विचारते. कवितेत मध्येच रेघ सुटली, तर ओळीचा क्रमांक दाखवते. शेवटी सारे लेख एका तक्त्यात मांडते. प्रत्येक लेखाची एक ओळ. शीर्षक, लेखक, गाव, वर्ष आपापल्या रकान्यात. आणि मजकुराचा प्रत्येक भाग आपल्या नावानिशी. मूळ फाइलीला ते कधी हात लावत नाही. उद्या तक्ता बिघडला, तर फाइलींवरून तो पुन्हा काही क्षणांत तयार होतो. अनेकांना महत्त्व वाटते ते तक्त्याचे. माझ्या मते महत्त्व आहे ते फाइलींचे. साधन जुने होईल, मीही होईन. फाइली साध्या आहेत, म्हणून दुसरा कोणी नवे साधन लिहील.

एकदा तक्ता हाती आला की त्यातून काय काय निघते, हे आम्हालाही नवल वाटण्यासारखे होते. लेखकांची सूची निघाली. गावांची सूची निघाली: येळ्ळूर, कडोली, उचगाव, सांबरा. जी गावे आपापली साहित्य संमेलने भरवतात, तेथली मुले शाळेत असताना काय लिहीत होती, ते एका ठिकाणी दिसले. त्याच साठ्यातून निवडक लेखांचे छापील पुस्तक काढता आले. दृष्टिहीन असलेल्या एका माजी विद्यार्थ्याने तेच लेख संगणकाकडून वाचून घेतले. 'मथळा' अशी खूण असल्यामुळे त्यांना एका लेखावरून दुसऱ्यावर जाता आले. ठळक अक्षरांचा त्यांना काय उपयोग झाला असता?

आणि तो निबंध. त्यात एक शब्द शेवटपर्यंत फुटत नव्हता. पाच ठिकाणी आला होता आणि पाचही ठिकाणी मोडलेला. त्या फाँटात वेलांटी आणि अनुस्वार यांचे मिळून एकच चित्र होते. ते माझ्या तक्त्यात नव्हते. ती ओळ तक्त्यात घातली आणि शब्द सरळ झाला: चिंचोके. आई पंचवीस बिड्यांचा एक कट्टा बांधला की वाटीत एक चिंचोका टाकी. चाळीस चिंचोके झाले की हजार. एके दिवशी मुलीने खेळण्यासाठी वाटीतला एक चिंचोका उचलला, आणि आईने त्या रात्री पंचवीस बिड्या जास्त वळल्या. मी तो निबंध पाठवला. उत्तर आले ते एका ओळीचे: "आता आठवले."

आपण सीमाभागात राहतो, म्हणून आणखी एक अनुभव सांगितल्यावाचून राहवत नाही. जवळच्या एका कन्नड शाळेतील शिक्षक हे काम पाहायला आले. त्यांच्याही अंकांची तीच दशा होती. कन्नडचे जुने फाँटही असेच निरनिराळ्या हिशेबाचे. फाँटाचा तक्ता त्यांना नवा करावा लागला. पण खुणा त्याच राहिल्या आणि साधनही तेच राहिले, एक अक्षरही बदलावे लागले नाही. युनिकोडात भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीच्या क्रमाने केलेली असल्यामुळे देवनागरी आणि कन्नड यांची अक्षरे समांतर बसली आहेत. देवनागरी 'क' चा क्रमांक २३२५, कन्नड 'क' चा ३२२१, अंतर ८९६. 'ळ' घ्या, तेच अंतर. निपाणीतून अर्जुननगरच्या देवचंद महाविद्यालयाकडे निघालेला विद्यार्थी राज्याची सीमा ओलांडतो आणि बोलणे मात्र तेच चालू ठेवतो. आपल्या मराठीच्या हक्काचा प्रश्न आहे आणि तो आपण सनदशीरपणे मांडत राहू. पण शेजारच्या शाळेचे लिखाण वाचले म्हणून आपले काही उणे झाले नाही, उलट एका सोबत्याची भर पडली.

काही जण विचारतात, पानांची छायाचित्रे घेऊन ठेवली की झाले, एवढा खटाटोप कशाला? छायाचित्रे अवश्य घ्यावीत. रूपालाही मोल आहे. देवनागरी अक्षराच्या सौंदर्यासाठी र. कृ. जोशी यांनी आयुष्य वेचले. संगणकावरचा 'मंगल' हा सर्वपरिचित फाँट त्यांच्याच हातचा. हस्तलिखितातील मुलाचे अक्षर, समासात काढलेले फूल हे छायाचित्रातच राहील. परंतु छायाचित्रातील अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर केल्यावाचून त्यात शब्द शोधता येत नाही, त्याची सूची होत नाही, संगणकाला ते कोणाला वाचून दाखवता येत नाही. दोन्ही ठेवावे. एकच ठेवणे शक्य असेल, तर मी साधा मजकूर ठेवीन. त्याला जागाही किती लागते? एका देवनागरी अक्षरचिन्हाला सामान्यतः तीन बाइट. पानाला दीड हजार चिन्हे धरली तर साडेचार हजार बाइट. सरांच्या कपाटातील एका फ्लॉपीत अशी तीनशे पाने मावली असती.

माझी आपल्याला विनंती थोडीच आहे. शाळेचा पुढचा अंक छापखान्याकडे देण्यापूर्वी त्याचा मजकूर युनिकोडात, साध्या फाइलींमध्ये, खुणा करून शाळेत ठेवावा. त्याच्या प्रती तीन ठिकाणी असाव्यात, आणि त्यांपैकी एक पावसापासून दूर असावी. खुणा करण्याचे काम आठवी-नववीच्या मुलांना द्यावे. हा मथळा, हा उतारा, ही कविता, हे ओळखता येणे हाच भाषेचा निम्मा अभ्यास आहे. माजी विद्यार्थ्यांच्या घरी १९९४ ते २००८ चे अंक असतील, तर ते आठ दिवसांसाठी शाळेला द्यावेत. काही फाइलींतील पाने गहाळ आहेत. ती केवळ आपल्या माळ्यावरच्या प्रतींतूनच भरून येतील. मराठी शाळांचे पट घटत असल्याच्या या काळात, येथे मुले मराठीत काय विचार करीत होती याचा पुरावा आपणच जपायचा आहे. तो दुसरे कोणी जपणार नाही.

सरांनी मला कधी शाबासकी दिल्याचे आठवत नाही. लेखन नीट असले की ते पेन्सिल खाली ठेवीत, एवढेच. या कामात अद्याप पुष्कळ चुका राहिल्या असतील. आपल्यापैकी ज्यांना त्या दिसतील, त्यांनी लाल पेन्सिल उचलावी आणि मला कळवावे.